बोट दाखवा, पावती घ्या

निवडणूक संपली, की आमच्या घरात तीन गोष्टी उरतात. न वाटलेली पत्रकं, कुणाची तरी विसरलेली छत्री आणि किस्से. पत्रकं रद्दीत जातात, छत्रीचा मालक कधी ना कधी येतो. किस्से मात्र हलत नाहीत. लग्नकार्यात कोणी ओळखीचं भेटलं, की "मॅडम, तो खुर्च्यांचा सांगा ना!" अशी फर्माईश होते आणि मी सुरू होते. माझे यजमान तेव्हा ताट उचलून पंगतीच्या दुसऱ्या टोकाला जातात. त्यांचं सगळं पाठ झालंय.

आमचं मंडळ म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. अमरावतीत आमच्या भागातल्या मतदान केंद्रावर कायम शुकशुकाट असायचा. सुटी म्हणून लोक झोपायचे, ऊन म्हणून बाहेर पडायचे नाहीत. त्यांना घराबाहेर काढायचं, एवढंच आमचं काम. मत कोणाला द्या हे आम्ही सांगत नाही आणि कोणाला दिलं हे विचारत नाही. एकमेकांनासुद्धा नाही!

मी भूगोलाची मास्तरीण, आता रिटायर्ड. मेश्राम सर कॉलेजात ग्रंथपाल होते. मंडळाचं पावतीपुस्तक त्यांच्याकडे, कारण हा माणूस खोटं अक्षर लिहीत नाही. फिरोजभाई ऑटो चालवतात. आणि हे सगळं ज्यांनी काढलं ते बाबाराव गावंडे, म्हणजे आमचे भाऊ. कृषी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या आवाजामुळे आमचा लाऊडस्पीकरचा खर्च वाचतो.

बाकीचा खर्च देणगीतून. पाण्याचे कॅन, मंडप, पत्रकं, म्हाताऱ्यांसाठी ऑटो. आणि देणगी मागायला दारोदार फिरलं, की माणूस कळतो, राजेहो!

*

पहिल्याच निवडणुकीला एका कापड दुकानदाराने आम्हाला गादीवर बसवून लस्सी पाजली आणि भाऊंच्या हातात भलंमोठं पाकीट ठेवलं. वर म्हणाला, "लोकशाहीसाठी हे तं कायच नाही भाऊ!" आम्ही भारावून गेलो. परत येताना भाऊ रस्ताभर त्याचंच कौतुक करत होते.

मतदानाच्या दिवशी दुपारचे चार वाजले तरी शेठजींचा पत्ता नाही. भाऊंनी फोन लावला. शेठजी सहकुटुंब चिखलदऱ्याला! मागे पोरंबाळं ओरडत होती, वारा सुटला होता, एकूण मजेत होते.

"शेठ, अन मतदान?"

"बाबारावभाऊ, पैसे बी मीच देऊ अन मत बी मीच देऊ काय? थोडं तं दुसऱ्यांले करू द्या!"

त्या संध्याकाळी भाऊंनी मंडळाचा नियम काढला. देणगी कधीही द्या, पावती मतदानानंतरच. मंडपात यायचं, शाई लावलेलं बोट दाखवायचं, मग मेश्राम सर पावतीवर नाव लिहिणार. तोवर जागा कोरी. मला वाटलं, लोक चिडतील. झालं उलटंच! लोकांना गंमत वाटायला लागली. संध्याकाळी नवरा-बायको, सासू-सून बोटं पुढे करून रांगेत उभी राहतात. घरात या पावत्या फ्रिजवर चिकटवलेल्या मी पाहिल्यात. जो बोट दाखवायला येत नाही त्याच्या पावतीवर सर लाल शाईने 'रद्द' लिहितात. कापडवाले शेठसुद्धा पुढच्या खेपेला पहिल्या रांगेत होते.

हळूहळू रद्द पावत्या कमी होत गेल्या आणि शेवटी एकच उरली. ती दर निवडणुकीला उरते. नामदेवराव बर्फवाल्यांची!

*

नामदेवरावांचं बर्फाचं दुकान आमच्या मंडपापासून हाकेच्या अंतरावर. भाऊंचे ते लहानपणापासूनचे मित्र. दर निवडणुकीला दोन लाद्या मंडळाला फुकट. मागावंही लागत नाही, सकाळी सातला भुशात घोळवून, पोत्यात गुंडाळून तयार. अट एकच, "बर्फ घ्या, मत मांगू नका."

का, ते सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे. तरुणपणी पहिलंच मतदान होतं. इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून नामदेवराव केंद्रावर गेले. टेबलावरच्या माणसाने यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "तुमचं तं होऊन गेलं!" कोणीतरी त्यांच्या नावावर मत टाकून मोकळं झालं होतं. रांगेतले लोक हसले. नामदेवराव घरी आले, शर्ट काढून खुंटीला टांगला आणि त्यानंतर कधीच मतदानाला गेले नाहीत.

आम्ही काय कमी प्रयत्न केले? मेश्राम सर एकदा कायद्याचं पुस्तक घेऊन गेले. आपल्या नावावर दुसऱ्याने मत टाकलं असेल, तरी आपल्याला वेगळी मतपत्रिका मागता येते, हे त्यांनी पानं उलटून समजावून सांगितलं. नामदेवरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, हे त्या दिवशी सांगाले पायजे होतं. आता मले कायदा नाही पायजे, ते मत पायजे!"

एका निवडणुकीला फिरोजभाईंनी थेट दुकानासमोर ऑटो लावला. "चलो चाचा, बैठो, पाच मिन्ट का काम है!" नामदेवराव आत गेले. आम्हाला वाटलं, चप्पल घालायला गेले. ते बाहेर आले आणि ऑटोच्या मागच्या सीटवर बर्फाची लादी ठेवली. "बसवली पाह्य. आता जाय!" फिरोजभाईंची सीट दोन दिवस ओली होती.

भाऊ मात्र दर वेळी त्या लाल 'रद्द'कडे बघत बसायचे. यंदा तर त्यांनी ध्यासच घेतला. मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता, कायमचं. म्हणजे अमरावतीतली ही त्यांची शेवटची निवडणूक. "मॅडम, सगळ्या मोहल्ल्याच्या पावत्या फाडल्या," ते मला म्हणाले, "एक नामदेवाची फाडली का मी मोकळा." एका पावतीसाठी एवढं कासावीस व्हायचं कारण मला काही कळेना.

*

आता खुर्च्या.

एका मंडपवाल्याने देणगी म्हणून खुर्च्या दिल्या. टेम्पोतून उतरवल्या, तर प्रत्येकीच्या पाठीवर एका उमेदवाराचा हसरा फोटो! त्यांच्या सभेच्या खुर्च्या होत्या, तशाच आल्या. मंडपवाला म्हणाला, "फोटोकडे पाहू नका ना, बसा फक्त!"

मेश्राम सर हादरले. केंद्रापासून लांब असलो तरी आचारसंहिता ती आचारसंहिता. मतदानाच्या आदल्या दिवशी भर दुपारी त्यांनी आठवडी बाजारातून पोती आणवली आणि मी व शेजारणींनी मिळून एकेका खुर्चीला गोणपाटाची खोळ शिवली. माझी बोटं सुजली. मंडपात पन्नासेक खुर्च्या गोणपाट पांघरून बसलेल्या!

झालं, मतदानाच्या दिवशी भरारी पथकाला हेच संशयास्पद वाटलं. साहेब गाडीतून उतरले, कॅमेरावाला मागे. "यात काय लपवलंय?" भाऊ म्हणाले, "काही नाही साहेब, लाज." साहेबांनी स्वतःच्या हाताने एक खोळ ओढली. उमेदवार हसतमुखाने बाहेर! नेमकी तेव्हाच समोरून मतदारांची रांग चालली होती.

साहेबांचा चेहरा पाहून भाऊ आपल्या त्या आवाजात म्हणाले, "साहेब, आमी झाकलं होतं. प्रचार तुमी केला!"

साहेबांनी खोळ परत घातली. तीही उलटी.

*

फिरोजभाई पैसे देत नाहीत, दिवसभराचा ऑटो देतात. तहसील ऑफिसातून रीतसर परवानगी काढतो आम्ही. म्हाताऱ्या माणसांना घरून केंद्रावर न्यायचं, परत आणायचं. मागच्या खेपेला यादीत शेवंताबाई होत्या. वय झालेलं, काठी टेकत चालणाऱ्या. सकाळी नऊला ऑटोत बसल्या.

अकरा वाजले, बारा वाजले, ऑटोचा पत्ता नाही. बाकीचे म्हातारे ओट्यावर वाट बघून घरात गेले. फिरोजभाईंचा फोन लागेना. भाऊ म्हणाले, पंक्चर असेल. मला भलतेच विचार यायला लागले.

दोनच्या सुमाराला ऑटो आला. शेवंताबाई ऐटीत बसलेल्या, मांडीवर लोणच्याची बरणी, शेजारी कडुनिंबाची जुडी आणि एक नातू वाढलेला. फिरोजभाई घामाने निथळत खाली उतरले.

"मॅडम, वोट पाच मिन्ट में हो गया. उसके बाद आजी बोली, दवाखाना. फिर बोली, लेकीकडे. फिर अंबादेवी. एक वोट में पूरा अमरावती घुमा दी!"

मी म्हटलं, "आजी, हा ऑटो फक्त मतदानासाठी होता हो!"

शेवंताबाईंनी मला बरणी धरायला दिली आणि काठी शोधत म्हणाल्या, "तेच तं, बाई. पाच वर्षांतून एकदाच सरकार बोलावते. मंग काय नुसतं एकाच कामाले यायचं?"

*

आमचं पाहून अकोल्यात माझ्या नणंदेने, पुष्पाताईंनी, स्वतःचं मंडळ काढलं. त्या माझ्यापेक्षा मोठ्या, आणि हे त्या मला विसरू देत नाहीत. "वहिनी, तुमी अमरावतीवाले बोलता लय, आमी करतो!" असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांच्याबरोबर एकदा पातूरकडच्या एका गावी गेले होते. एक आजी ओट्यावर सुपात तूर पाखडत होत्या. आम्ही नमस्कार केला, मतदानाला या म्हटलं, जमलं तर मंडळाला काही मदत करा म्हटलं.

"चिन्ह कोनतं तुमचं?"

"चिन्ह नाही आजी. आमचा कोणी उमेदवार नाही."

"मंग मत कोनाले द्याचं?"

"तुम्हाला वाटेल त्याला."

आजींचं सूप थांबलं. त्यांनी पुष्पाताईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उन्हाने लाल झालेली आमची तोंडं पाहिली. "उमेदवार नाही, चिन्ह नाही, अन एवढ्या उनाचं फिरून राह्यल्या! घरचे काही म्हनत नाहीत काय वं तुमाले?" असं म्हणून त्या आत गेल्या आणि चांगली दोन किलो तूर पिशवीत घालून घेऊन आल्या.

"घ्या माय. बाकीच्याइले कोनी ना कोनी देते. तुमाले कोन देईन?"

पुष्पाताईंनी ती देणगी म्हणून लिहिली. आजींनी दिली होती भिक्षा, पण ते जाऊ द्या.

*

पुष्पाताईंचाच दुसरा. अकोल्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. तिथल्या एका डेअरीवाल्याने पिंपभर ताक दिलं. पुष्पाताईंनी जाहीर केलं, शाई दाखवा, ताक प्या. हे मेश्राम सरांना कळलं आणि त्यांनी अमरावतीहून फोन केला.

"ताई, मताच्या बदल्यात ताक म्हणजे प्रलोभन होते. सगळ्यांना द्या, नाही तर कोणालाच देऊ नका."

"बरं," पुष्पाताई म्हणाल्या, "मंग त्यात मीठ टाकत नाही. कोनाले लोभच नाही होनार!"

शेवटी सरांनीच माघार घ्यायला लावली आणि ताक सगळ्यांना खुलं झालं. पण पुष्पाताईंच्या डोळ्यांचं काय? माणूस ग्लास उचलायला आला, की त्या त्याच्या बोटाकडे अशा बघायच्या की घोट घशात अडकावा. एकाला ते सहन होईना. तो गेला आणि दहा मिनिटांत निळं बोट नाचवत आला. पुष्पाताईंनी ग्लासातल्या पाण्यात पदराचं टोक बुडवलं, त्याचं बोट धरलं आणि एकदा घासलं. निळं सगळं पदराला आलं! गडी शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानातून मार्कर लावून आला होता.

"जाय," पुष्पाताई म्हणाल्या, "माह्या लुगड्याचा सत्यानास केला. खरी लावून ये."

आणि तो खरंच गेला हो! रांगेत उभा राहिला, मतदान केलं, परत आला. बोट पुढे केलं आणि म्हणाला, "घासा आता. अन मीठ टाकून दोन ग्लास द्या, रांगेत लय ऊन होतं!"

*

आता यंदाचा.

यंदा भाऊ सकाळपासून गप्प होते. सातला पहिल्या रांगेत उभं राहून मत देऊन आले, मंडपात बसले आणि कोणाशी बोलले नाहीत. मला वाटलं, पुण्याला जायचं वाईट वाटत असेल. अकराला बर्फाची पहिली लादी संपली. भाऊ उठले. "दुसरी आणाले मी जातो. चला सगळे." फिरोजभाईंनी ऑटो काढला. मेश्राम सर पावतीपुस्तक काखेत मारून निघाले, ते त्याला कुठेच सोडत नाहीत.

नामदेवराव सळईने बर्फ फोडत होते. भाऊ समोरच्या बाकावर बसले. पाणी मागितलं, पण ग्लास हातातच धरून ठेवला.

"नामदेवा, तुले एक सांगाचं आहे."

"मतदानाचं सोडून काही बी सांग."

"त्याचंच आहे. तुह्यं ते पह्यलं मत... ते मी टाकलं होतं."

सळई थांबली. ही दोन माणसं रोज संध्याकाळी त्याच बाकावर बसून चहा पितात. त्यातला एक महिनाभरात गाव सोडून जाणार, आणि जाताना हे असं तोडून जातो की काय, याची मला मनापासून भीती वाटली.

भाऊ खाली बघून बोलत राहिले. "माह्यं नाव यादीत नव्हतं आलं. अन हौस तं भल्ली! बाहेर पार्टीवाल्याइच्या टेबलावर तुह्या नावाची चिठ्ठी पडली होती. तिथला मानूस म्हने, हा पोरगा सुरतेले गेला, येत नाही. जाय, टाकून ये. मी गेलो अन टाकून आलो."

"सुरत?" नामदेवराव म्हणाले. "मी अकोल्याले मावशीकडे होतो. मतदानासाठीच तं वापस आलो!"

"माहीत आहे. तू इस्त्रीचा शर्ट घालून आला, ते मी पाह्यलं. तईपासून सांगतो सांगतो म्हनून राह्यलो. तोंड नाही उघडलं. हे मंडळ बी त्याच्याच पायी काढलं, नामदेवा. सारा मोहल्ला नेला केंद्रावर, पन ज्याचं मत खाल्लं तोच राह्यला. आता पुन्याले जाऊन मी हे कोनाले सांगू?"

नामदेवरावांनी सळई लादीत रोवली आणि विचारलं, "कोनाले टाकलं होतं?"

कोणाला मत दिलं हे विचारायचं नाही, हा आमचा पहिला नियम. मेश्राम सरांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. भाऊ उठले आणि नामदेवरावांच्या कानात सांगून आले.

"तो?" नामदेवराव ओरडले. "तो तं पडला होता!"

"हाव."

"डिपॉझिट बी गेलं होतं त्याचं!"

"हाव ना बाप्पा."

"म्हंजे मत चोरलं ते चोरलं, अन तेही असं पान्यात घातलं!"

आधी फिरोजभाईंना हसू फुटलं. मग मला. आणि मग नामदेवराव असे हसायला लागले, की त्यांना खांबाला धरावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, "जनमभर मी त्या टेबलावरच्या मानसाले शिव्या देल्ल्या. म्हटलं, सरकारनंच खाल्लं. अन खानारा रोज माह्याच चहा पिऊन राह्यला!" मग घराकडे तोंड करून हाक मारली, "आयकलं काय वं? माह्या इस्त्रीचा शर्ट काढ!"

फिरोजभाई सवयीने लादी उचलायला गेले. नामदेवरावांनी त्यांचा हात धरला. "बर्फ मंग ने. आज पह्यले मानूस घेऊन चाल."

केंद्रात गेल्यावर त्यांनी टेबलावरच्या मुलीला दोनदा विचारलं म्हणे, "पाह्य बरं बाई, माह्यं होऊन तं नाही ना गेलं?" ती म्हणाली, "नाही काका, या." बाहेर आले तेव्हा बोट अजून ओलं होतं आणि ते त्यांनी शर्टाला लागू नये म्हणून दूर धरलं होतं. मंडपात पोचले तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी तेवढ्यात चष्मा पुसायला काढला. मला भरून आलं आणि मी ते लपवलंही नाही.

मेश्राम सरांनी पावतीपुस्तक उघडलं. ती एक कोरी पावती समोर धरली, पेनाचं टोपण काढलं. "बर्फाच्या दोन लाद्या. पूर्ण नाव सांगा."

"बाबाराव गावंडे लिहा."

सरांनी मान वर केली. "अहो, बर्फ तुमचा. त्यांचं नाव कसं लिहू?"

"तसंच. तवा मत माह्यं होतं, टाकलं त्यानं. आता बर्फ माह्या, पावती त्याची."

सरांचं पेन पावतीवर तसंच थांबलं. नामदेवराव भाऊंकडे वळले.

"अन बाबाराव, नियम म्हंजे नियम. पह्यले बोट दाखव. यंदा तरी सोताच्याच नावानं टाकलं ना?"